शिकागोच्या दोन उंच इमारती

मुलांनो, दिल्लीचा कुतुबमिनार तुम्ही प्रत्यक्ष पाहिला नसला, तरी चित्रात नक्कीच पाहिला असेल. त्याची उंची सुमारे ७३ मीटर आहे. तो खाली रुंद आहे आणि वर जाता जाता निमुळता होत जातो. आता असे सहा कुतुबमिनार एकावर एक उभे केले आहेत, अशी कल्पना करा. जवळजवळ तेवढ्या उंचीची एक इमारत अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तिचे मूळचे नाव सीअर्स टॉवर. तिच्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या जवळ, दुसरी एक उंच इमारत आहे. तिचे मूळचे नाव जॉन हॅनकॉक सेंटर.

या दोन इमारती जवळजवळ एकाच काळात उभ्या राहिल्या. हॅनकॉक सेंटर १९६९ साली पूर्ण झाले. सीअर्स टॉवर १९७३ साली आपल्या पूर्ण उंचीला पोहोचला. दोन्ही इमारतींचे वास्तुरचनाकार एकच होते, ब्रूस ग्रॅहॅम. दोन्हींचा सांगाडा ठरवणारे अभियंतेही एकच होते. त्यांचे नाव फझलुर रहमान खान. ते मूळचे ढाक्याचे. शहर एक, काळ एक, माणसे तीच. तरीही या दोन इमारती एकमेकींसारख्या मुळीच दिसत नाहीत. असे का झाले असेल? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधणार आहोत.

‘इमारत’ हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत तुम्ही ज्याला ‘मंजिल’ म्हणता, त्याला मराठीत ‘मजला’ म्हणतात. मजल्यावर मजले चढवले की इमारत उंच होते, हे कोणीही सांगेल. पण ते किती चढवता येतात? पूर्वी इमारतीचे सारे ओझे भिंतींवर असे. मजले वाढले की खालच्या भिंती जाड कराव्या लागत. शिकागोमध्येच १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजल्यांची इमारत बांधली गेली. तिच्या तळाच्या विटांच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड आहेत. म्हणजे एखादा उंच माणूस आडवा झोपू शकेल एवढी भिंतीची जाडी! अशा भिंतींवर शंभर मजले उभारायचे म्हटले, तर तळमजल्यावर माणसांना जागाच उरणार नाही.

मग लोखंडाचा सांगाडा आला. आपल्या शरीराचे वजन जसे हाडे पेलतात, तसे इमारतीचे वजन लोखंडी खांब आणि तुळया पेलू लागल्या. भिंत केवळ कातडीसारखी झाली. शिकागो शहर १८७१ सालच्या मोठ्या आगीत जळाले होते. ते पुन्हा वसवताना तेथे नव्या पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. १८८५ साली पूर्ण झालेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत त्यांपैकीच एक. तिला पुष्कळ लोक जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानतात. वर जाण्यासाठी सुरक्षित लिफ्टही त्या काळात मिळू लागली होती. त्यामुळे इमारती भराभर वाढू लागल्या. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत उभी राहिली. तिची उंची ३८१ मीटर.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कोणती राहिली? अडचण राहिली ती वाऱ्याची. आपल्याला वाटते की उंच इमारतीचा शत्रू म्हणजे तिचे स्वतःचे वजन. पण इमारत फार उंच झाली की वाराच मोठा शत्रू होतो. वजन वरून खाली दाबते, तर वारा बाजूने ढकलतो. एक लांब काठी जमिनीत रोवा आणि तिच्या शेंड्याला हात लावून ढकला. काठी जितकी लांब, तितकी ती सहज वाकते. इमारतीचेही तसेच आहे. उंची दुप्पट केली, तर वारा अडवणारी बाजू दुप्पट होते आणि त्या वाऱ्याचा हातही दुप्पट लांब होतो. त्यामुळे इमारतीला बुडाशी उखडू पाहणारा जोर दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होतो. जुन्या पद्धतीने हा जोर पेलायचा, तर आत सर्वत्र खांब उभारावे लागत आणि पोलाद बेसुमार लागे. पोलाद वाढले की खर्च वाढे. म्हणूनच एम्पायर स्टेटनंतर कित्येक वर्षे कोणी तिच्याहून उंच इमारत बांधली नाही.

ही अडचण ज्यांनी सोडवली, त्यांची थोडी ओळख करून घेऊ. फझलुर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी झाला. त्यांनी कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील आणि नंतर ढाक्याच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेला गेले. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अवघ्या तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. पुढे ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत काम करू लागले. ब्रूस ग्रॅहॅमही तेथेच होते. इमारत कशी दिसावी आणि कशी वापरली जावी, हे ग्रॅहॅम पाहत. ती उभी कशी राहील, हे खान पाहत. पण दोघे आपापले काम वेगळे करून मग जोडत नसत. पहिल्या दिवसापासून ते एकत्र विचार करत.

खान यांनी विचार केला, की आत सर्वत्र खांब कशाला? वारा बाहेरून येतो, तर त्याला अडवणारी ताकदही बाहेरच्या बाजूला ठेवावी. बांबू पाहा. तो आतून पोकळ असतो. त्याचे सारे बळ बाहेरच्या कडेला असते. म्हणूनच तो हलका असूनही मोठ्या वाऱ्यात टिकून राहतो. इमारतीच्या चारही बाहेरच्या बाजू एकमेकींना घट्ट बांधल्या, की ती सारी इमारत एका उभ्या नळीसारखी वागते. ही झाली खान यांची नळीची कल्पना. हॅनकॉक सेंटर आणि सीअर्स टॉवर या दोन्ही इमारती या एकाच कल्पनेच्या लेकी आहेत. पण दोघींच्या गरजा वेगळ्या होत्या.

आधी हॅनकॉक सेंटर पाहू. तेथे राहण्याची घरे हवी होती आणि कार्यालयेही हवी होती. सुरुवातीला दोन वेगवेगळ्या इमारती बांधण्याचा विचार होता. पण त्या जागेवर दोन इमारती उभ्या केल्या, तर त्या एकमेकींचा उजेड आणि समोरचे दृश्य अडवणार होत्या. मोकळी जागाही उरणार नव्हती. म्हणून घरे आणि कार्यालये एकावर एक ठेवून एकच उंच इमारत करायचे ठरले. तळाशी दुकाने, त्यावर मोटारी ठेवण्याचे मजले, त्यावर कार्यालये आणि ४४ व्या मजल्यापासून वर घरे. कार्यालयांना मोठे मजले लागतात. घराला मात्र प्रत्येक खोलीत उजेड आणि हवा हवी असते. म्हणजे खोली खिडकीपासून लांब असून चालत नाही. म्हणून घरांचा मजला लहान हवा. आता सांगा, खाली मोठे मजले आणि वर लहान मजले, असे केले तर इमारतीचा आकार कसा होईल? कुतुबमिनारासारखाच, खाली रुंद आणि वर निमुळता. वाऱ्यापुढे टिकायलाही हा आकार चांगला असतो. म्हणजे माणसांची गरज आणि वाऱ्याची गरज येथे एकच निघाली.

या इमारतीला शंभर मजले आहेत आणि तिच्या छताची उंची सुमारे ३४४ मीटर आहे. तिचे चित्र पाहिले तर पहिली नजर जाते ती बाहेरच्या प्रचंड फुल्यांवर. चारही बाजूंना तळापासून वरपर्यंत पोलादाच्या मोठमोठ्या तिरक्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेल्या आहेत. त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. तुमच्या घरी एखादे डुगडुगणारे टेबल असेल, तर सुतार काय करतो ते आठवा. तो पायांच्या मध्ये एक तिरकी पट्टी ठोकतो आणि टेबल स्थिर होते. तुम्हीही प्रयोग करून पाहा. चार काड्यांचा चौकोन दोऱ्याने बांधा. एका बाजूने दाबला की तो लगेच तिरपा होतो. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी बांधा. मग तो हलत नाही. जुन्या घरांच्या छपराखाली लाकडी कैची असते, तिचे तत्त्वही हेच. खान यांनी ही कैची आडवी न ठेवता उभी केली आणि शंभर मजल्यांच्या चारही बाजूंना गुंडाळली.

याचा फायदा किती झाला, तो आकड्यांत पाहा. एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटर मजल्यामागे सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. हॅनकॉक सेंटरमध्ये ते सुमारे १४५ किलोच लागले. म्हणजे जवळजवळ तीस टक्के बचत झाली. अर्थात या रचनेची किंमतही मोजावी लागली. तिरकी पट्टी काही घरांच्या खिडकीसमोरून जाते. सरोवर पाहायला खिडकीशी उभे राहावे, तर मधे पोलादाची तिरकी पट्टी येते. पण हीच पट्टी आपले घर तोलून धरते, हे तेथे राहणाऱ्यांना रोज दिसत असते.

एवढ्या उंचीवर घरे बांधायची तर आणखी एक काळजी होती. वाऱ्याने प्रत्येक उंच इमारत थोडीफार हलतेच. ती पडत नाही. पण ते हलणे आत झोपलेल्या माणसाला जाणवले तर? किती हलणे माणसाला कळते, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्राविषयी एक प्रदर्शन होते. त्यात हलणारा, फिरणारा एक मोठा चौथरा होता. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर माणसांना उभे केले, बसवले, झोपवले आणि हलणे केव्हा जाणवते ते तपासले. मोठ्या अभियंत्यालाही उत्तर ठाऊक नसेल, तर प्रयोग करून पाहावा लागतो, हे येथे ध्यानात घ्या.

बांधकामाच्या वेळी एक मोठे संकटही आले. शिकागोच्या जमिनीखाली मऊ चिकणमाती आहे आणि खडक बराच खोल आहे. म्हणून खोल विहिरीसारखे खड्डे खणून, त्यांत काँक्रीट भरून पाया घालावा लागतो. १९६६ साली इमारतीचा सांगाडा सुमारे वीस मजले वर गेला असताना पायाचा एक खांब अडीच सेंटिमीटरच्या आसपास खचलेला आढळला. शंभर मजल्यांच्या मानाने अडीच सेंटिमीटर म्हणजे काय, असे कोणी म्हणाले असते. पण तसे म्हणून चालणार नव्हते. काम थांबवण्यात आले. पाया तपासला, तेव्हा ओतलेल्या काँक्रीटमध्ये माती शिरून पोकळी राहिल्याचे दिसले. मग सगळेच खांब तपासले गेले आणि जेथे दोष होता तेथे दुरुस्ती झाली. त्यात काही महिने गेले, पैसाही गेला. पण ज्या इमारतीत शेकडो कुटुंबे झोपणार होती, तिच्या पायाशी तडजोड झाली नाही.

आता सीअर्स टॉवरकडे वळू. सीअर्स ही अमेरिकेतील फार मोठी व्यापारी कंपनी होती. तिची दुकाने देशभर होती आणि टपालाने माल पाठवण्यासाठीही ती प्रसिद्ध होती. शिकागोतील आपल्या हजारो नोकरांना एका छपराखाली आणावे, असे तिला वाटले. येथे घरांचा प्रश्न नव्हता. सगळी कार्यालयेच हवी होती आणि कंपनीला स्वतःसाठी अतिशय मोठे मजले हवे होते. वरचे मजले मात्र भाड्याने द्यायचे होते. लहान भाडेकरूंना लहान मजले सोयीचे असतात.

येथे खान आणि ग्रॅहॅम यांनी नवीच युक्ती केली. एक काडी मोडते, पण काड्यांची मोळी मोडत नाही, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. त्यांनी एका नळीऐवजी नऊ नळ्यांची मोळी बांधली. सुमारे २३ मीटर बाजू असलेल्या नऊ चौकोनी नळ्या तीन ओळींत तीन-तीन अशा ठेवल्या. प्रत्येक नळीची भिंत तिच्या शेजारच्या नळीचीही भिंत झाली. त्यामुळे नऊ जणी एकमेकींना आधार देतात. जमिनीपासून पन्नासाव्या मजल्यापर्यंत नऊही नळ्या बरोबर जातात. तेथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील नळ्या थांबतात. ६६ व्या मजल्यावर उरलेल्या दोन कोपऱ्यांतील नळ्या थांबतात. नव्वदाव्या मजल्यावर आणखी तीन थांबतात. शेवटी फक्त दोन नळ्या अगदी वरपर्यंत जातात. तुमच्याकडे नऊ खोकी किंवा नऊ खडू असतील, तर कमी-जास्त उंचीचे ठेवून हा आकार सहज करता येईल.

अशा रीतीने ११० मजल्यांची, ४४२ मीटर उंचीची इमारत तयार झाली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला मागे टाकून ती जगात सर्वांत उंच ठरली. पुढे सुमारे पंचवीस वर्षे तो मान तिच्याकडे होता. नंतर तो मलेशियातील क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्सकडे गेला. या इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे १६१ किलो पोलाद लागले. हॅनकॉकपेक्षा ते थोडे जास्त आहे. पण उंची सुमारे शंभर मीटरने जास्त आहे, हे विसरू नका. एवढ्या माणसांना वर न्यायचे कसे, हाही प्रश्न होता. मुंबईच्या लोकलगाड्यांत जशा जलद आणि धिम्या गाड्या असतात, तशी येथे लिफ्टची सोय आहे. जलद लिफ्ट मधल्या मोठ्या थांब्यापर्यंत न थांबता जाते. तेथे उतरून धिम्या लिफ्टने आपल्या मजल्यावर जायचे. काही लिफ्ट तर दुमजली बसप्रमाणे दोन मजल्यांच्या आहेत.

आता दोघींना शेजारी ठेवून पाहा. हॅनकॉकची ताकद बाहेर दिसते. सीअर्सची आत लपलेली आहे. एकीने कैचीचा आधार घेतला, दुसरीने मोळीचा. एक हळूहळू निमुळती होत जाते. दुसरी पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढते. एकीत माणसे राहतात आणि कामही करतात. तेथे सुमारे सातशे घरे आहेत आणि ४४ व्या मजल्यावर पोहण्याचा तलावही आहे. दुसरी प्रामुख्याने कामाची जागा आहे. संध्याकाळी तेथील माणसे आपापल्या घरी निघून जातात.

मग या दोघींत श्रेष्ठ कोण? केवळ उंची मोजली, तर सीअर्स टॉवर. पोलादाची काटकसर पाहिली, तर हॅनकॉक सेंटर. पण काळ गेला तशी आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या कंपनीने सीअर्स टॉवर बांधला, तिचा व्यापार पुढे घटत गेला. १९९२ पासून तिने आपली माणसे शहराबाहेर हलवायला सुरुवात केली आणि १९९५ पर्यंत ती या इमारतीतून पूर्णपणे बाहेर पडली. वीस-बावीस वर्षांतच मालकाला आपली इमारत नकोशी झाली! २००९ साली इमारतीचे नावही बदलले आणि ती विलिस टॉवर झाली. २०१८ साली हॅनकॉक सेंटरचे नावही गेले. आता ती आपल्या रस्त्याच्या पत्त्यानेच ओळखली जाते. पण त्या इमारतीतील घरांत दिवे लागतच राहिले. सीअर्स टॉवरमध्येही दुसरी कार्यालये आली आणि ती इमारतही कामात राहिली. कंपन्यांची नावे पुसली जातात. भक्कम बांधलेली आणि उपयोगी पडणारी इमारत मात्र टिकते.

खान यांचेही नाव तेथे टिकले आहे. सीअर्स टॉवरजवळच्या चौकाला १९९८ साली त्यांचे नाव देण्यात आले. उंच इमारतींसाठी जगभर कीर्ती मिळालेल्या या माणसाचे एक मोठे काम मात्र उंच नव्हते. सौदी अरेबियात जेद्दाच्या विमानतळावर हजयात्रेकरूंसाठी निवारा हवा होता. लाखो माणसे थोड्याच दिवसांत येणार, उन्हात तासन् तास थांबणार आणि मग वर्षाचा मोठा काळ ती जागा रिकामी राहणार. तेथे त्यांनी मनोरा उभारला नाही. तेथे तंबू हवेत, हे त्यांनी ओळखले. खास कापडाचे २१० प्रचंड तंबू उभारून सावली केली गेली. बाजूंनी वारा खेळतो आणि गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर जाते. या कामाला १९८३ साली आगाखान पुरस्कार मिळाला. पण तो पाहायला खान हयात नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, जेद्दा येथेच त्यांचे निधन झाले होते.

शिकागोत त्यांनी वाऱ्याला तोंड दिले, जेद्दात उन्हाला. येथे कैची, तेथे मोळी, तर आणखी कोठे तंबू. प्रत्येक वेळी साधन वेगळे. पण पहिला प्रश्न एकच, की येथे येणाऱ्या माणसाला काय हवे आहे? तंत्रज्ञाने आपल्या तंत्रातच हरवून जाऊ नये, संगीत, कला आणि माणसे यांच्याशी नाते ठेवावे, असे ते सांगत. १९७१ साली बांगलादेशात लोक संकटात सापडले, तेव्हा त्यांनी शिकागोत राहून मदत गोळा करण्यासाठी पुढाकार घेतला होता.

मुलांनो, तुमच्या गावात किंवा शहरात आज ना उद्या एखादी उंच इमारत उभी राहील. ती पाहून ‘केवढी उंच!’ असे म्हणाल, ते योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. ती कोणासाठी बांधली आहे? ती वाऱ्याला कशी तोंड देते? तिच्या पायाची नीट तपासणी झाली आहे का? हे तीन प्रश्नही विचारा. त्यांची उत्तरे शोधू लागलात, की इमारत केवळ पाहणारे न राहता तुम्ही ती समजून घेणारे व्हाल. आणि कोणी सांगावे, उद्या ती बांधणारेही व्हाल.